ड्रॉइंगवरचा 'एन'

भोसरीतल्या एका टूलरूममधला 11 डिसेंबर 2024 चा दिवस. प्रेस टूल, जिग, फिक्स्चर, म्हणजे कारखान्यांना पार्ट कापायला नि पकडून धरायला लागणारी साधनं बनवणारं वर्कशॉप. माणसं साठेक, कॉम्प्युटर एकोणीस. सकाळी साडेनऊला मालकांच्या टेबलावर दोन कागद होते. एक, थ्रीडी कॅड, म्हणजे यंत्रभागांचं डिझाइन करायचं सॉफ्टवेअर, बनवणाऱ्या कंपनीच्या वकिलांची नोटीस. तिच्यात चार मशीनची नावं आणि त्यांच्यावर क्रॅक केलेली, म्हणजे लायसन्सचं कुलूप फोडलेली, आवृत्ती केव्हा केव्हा चालवली त्याच्या तारखा, वेळेसकट. नेटला जोडलेलं क्रॅक कॅड आपली चहाडी आपणच करत असतं, हे अजून बऱ्याच वर्कशॉपना ठाऊक नाही. दुसरा कागद डीलरचं कोटेशन: कॅडच्या चार सीट (एका मशीनचं लायसन्स म्हणजे एक सीट), मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या एकोणीस, विंडोजची चार लायसन्स.

मालकांनी कोटेशन पालथं घातलं. कॉम्प्युटरचं काम बघायला बोलावलेल्या मला म्हणाले, "साहेब, आज रात्री सगळं फॉरमॅट मारा. उद्यापासून सगळं फुकटवालं."

यातलं फॉरमॅट तर अजिबात नको होतं. कॉपीराइट कायदा 1957 चं कलम 63 ख जाणूनबुजून वापरलेल्या चोरट्या प्रोग्रॅमसाठीच आहे: कैद किमान सात दिवस ते तीन वर्षं आणि दंड 50 हजार ते 2 लाख रुपये. धंद्यासाठी किंवा कमाईसाठी वापर झालेला नसेल तर कोर्ट कैद टाळू शकतं, पण कमाईसाठीच चालणाऱ्या टूलरूमला ती पळवाट कुठली? नोटीस हातात पडल्यावर डिस्क पुसली, तर पुरावा पुसला असंच दिसतं; तारखा तर समोरच्याकडे आधीच आहेत. म्हणून चारही मशीनवरचं क्रॅक बंद केलं, डिस्क होत्या तशा ठेवल्या आणि नोटीस वकिलांकडे पाठवली. मग मोजणी.

मोजणीत काय काय निघतं ते सांगण्यासारखं आहे. विंडोजवर कमांडच्या खिडकीत 'एसएलएमजीआर /डीएलआय' दिलं की लायसन्स कुठल्या वाटेने आलं ते दिसतं. ओईएम म्हणजे मशीनबरोबर आलेलं, रिटेल म्हणजे दुकानातून घेतलेलं. जिथे स्वतःचा लायसन्स सर्व्हर नाही अशा वर्कशॉपात 'व्हॉल्यूम, केएमएस क्लायंट' (कंपनीच्या सर्व्हरवरून चालू होणारं लायसन्स) आणि मुदत 180 दिवस असं दिसलं, की ते चोरटं; कुणी चालू करून दिलं हे विचारायचीही गरज नाही. असे चार असेंबल्ड पीसी निघाले: गेट, स्टोअर्स, डिस्पॅच, टाइम ऑफिस. उरलेले नऊ डेस्कटॉप आणि सहा लॅपटॉप विंडोजच्या बाबतीत स्वच्छ होते.

ऑफिसची गोष्ट उलटी. तेरा डेस्कटॉपवर सरसकट चोरटं होतं, तर लॅपटॉपच्या सहा प्रतींकडे मालक अभिमानाने बोट दाखवत होते: "हे तरी ओरिजिनल आहे." ओरिजिनल होतं, पण होम अँड स्टुडंट. लॅपटॉपबरोबर येणारी ती आवृत्ती बिगर-व्यावसायिक वापरासाठी असते. तिच्यात कोटेशनं बनवणं हा अटींचा भंगच. तीच गत रिमोट सपोर्टच्या त्या प्रोग्रॅमांची, जे घरगुती वापराला मोफत असतात नि अर्धी एमआयडीसी त्यांच्यावर चालते. फाइली दाबून बांधणारा विनरार रोज सकाळी 'चाळीस दिवस संपले' म्हणून सांगतो नि रोज सकाळी कुणीतरी ती खिडकी बंद करतो. त्याच्या जागी सेव्हन-झिप बसवलं की हा विषय पाच मिनिटांत संपतो.

मालकांच्या 'फुकटवालं' या एका शब्दात तीन वेगळ्या वस्तू होत्या. चोरून फुकट, अटींसह फुकट, म्हणजे फ्रीवेअर, आणि मुक्त सॉफ्टवेअर, ज्याचं लायसन्सच कुणालाही, कशासाठीही, धंद्यासाठीसुद्धा वापरायची मुभा देतं आणि आतला कोड खुला ठेवतं. लिबरऑफिस (ऑफिसच्या जागी), फ्रीकॅड (थ्रीडी), लिबरकॅड (टूडी) ही तिसऱ्या जातीची. तिथे सीट मोजायला कुणी येत नाही. मात्र काम अडलं तर फोन कुणाला लावायचा, हा प्रश्न आपला आपण सोडवायचा असतो.

आता कुठे काय बसवायचं? एकोणीस जणांना 'तुम्हाला एक्सेल लागतं का' विचारलं तर एकोणीस जण हो म्हणतात. म्हणून प्रत्येक टेबलावर एकच विचारलं: तुमच्याकडे फाइल कुठून येते आणि कुठे जाते? स्टोअर्सची इनवर्ड शीट बाहेर जातच नाही. गेटचं रजिस्टर तसंच. डिस्पॅचची चलनं टॅलीतून निघतात, ते टॅली दुसऱ्या मशीनवर. लॅपटॉपवाल्यांची कोटेशनं पीडीएफ होऊन जातात. अकाउंट्सचं मात्र वेगळं. जीएसटीआर-9, म्हणजे जीएसटीचं वार्षिक विवरणपत्र, भरायची ऑफलाइन युटिलिटी ही मॅक्रोवाली (आत छोटे प्रोग्रॅम असलेली) एक्सेल फाइल आहे आणि शेवटची तारीख, 31 डिसेंबर, वीस दिवसांवर. तिथे एक्सेल ठेवलं. क्वालिटीला ग्राहकाकडून पीपॅपचे, म्हणजे पार्ट मंजूर करून घेण्याचे, फॉर्म येतात. लॉक केलेल्या शीट, बटणं, ड्रॉपडाउन. तेच भरून परत करायचे असतात, म्हणून तिथेही एक्सेल. तिसरं परचेसला, त्याच कारणाने. बाकी सोळा ठिकाणी लिबरऑफिस.

लिबरऑफिस टाकून लगेच निघून आलं, की पुढल्या आठवड्यात ते काढून टाकलं जातं हे ठरलेलं. पहिल्या अर्ध्या तासात चार गोष्टी कराव्या लागतात. एक, लोकेल, म्हणजे देशानुसार तारखा-आकडे लिहायची पद्धत, इंग्लिश (इंडिया) करायचं. ते अमेरिकेचं राहिलं तर स्टोअर्सने टाकलेली 5/6 ही पाच जून न राहता सहा मे होते, आणि 13/6 तारीख न राहता नुसता मजकूर होऊन डावीकडे चिकटते. दोन, सेव्ह करायचं मूळ स्वरूप एक्सएलएसएक्स, म्हणजे एक्सेलचंच. तीन, कार्लिटो आणि कॅलॅडिया हे फॉन्ट आहेत ना ते बघायचं. कॅलिब्री आणि कॅम्ब्रियाच्या मापाचे असल्यामुळे जुन्या पत्रांची पानं हलत नाहीत. चार, मराठीसाठी कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट चालू करून भाषा मराठी द्यायची. हिंदीवर राहिलं तर नोटीस बोर्डाच्या कागदावर ल आणि श हिंदी वळणाचे येतात, आणि फॉन्टात मराठी रूपं असूनही ती उठत नाहीत. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टांत टाइप केलेली सुट्यांची यादी मात्र त्या फॉन्टाशिवाय वाचता येणार नव्हती. ती नव्याने टाइप करायला दिली.

दुपारी दीडच्या सुमाराला खालून व्हीएमसीचा (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनचा) ऑपरेटर एक प्रिंट घेऊन वर आला. प्लॅनिंगच्या मुलाने क्रॅक कॅड बंद झाल्यावर वेळ न घालवता लिबरकॅड उतरवून घेतलं होतं आणि ग्राहकाच्या मेलमधली डीएक्सएफ, म्हणजे ड्रॉइंगची फाइल, उघडून फिक्स्चर प्लेटचा प्रिंट काढून दिला होता. ऑपरेटरने बोअरच्या, म्हणजे भोकाच्या, मापावर बोट ठेवलं.

"ओ, हा 'एन' काय आहे? चार होल, एन आठ, एच सात?"

व्यासाच्या चिन्हाच्या जागी इंग्रजी लहान एन उमटला होता. (एच सात ही भोकाच्या मापात किती फरक चालेल त्याची खूण.) ड्राफ्टिंगमध्ये भौमितिक टॉलरन्सची, म्हणजे आकारात नि जागेत किती फरक चालेल ते सांगणारी, चिन्हं 'जीडीटी' नावाच्या खास फॉन्टातून येतात. त्या फॉन्टात 'एन' या अक्षराच्या जागी व्यासाचं चिन्ह बसवलेलं असतं, 'जे'च्या जागी पोझिशनचं, 'एम'च्या जागी मॅक्सिमम मटेरियलचं. फाइलमध्ये साठवलेलं असतं नुसतं अक्षर. फॉन्ट नसला की सोंग उतरतं नि अक्षर उघडं पडतं. पलीकडच्या टिपेत 'जे एन 0.05 एम ए बी' असं होतं. म्हणजे ए आणि बी डेटमच्या (माप जिथून धरायचं त्या बाजूंच्या) संदर्भात, मॅक्सिमम मटेरियलला (भोक सगळ्यात लहान असताना), 0.05 व्यासाच्या वर्तुळात पोझिशन.

एन दिसला हे नशीबच. टॉलरन्सची खरी चौकट (ही चिन्हं नि आकडे ज्यात बसतात ती) ही अशा फाइलमध्ये मजकुराहून वेगळी वस्तू म्हणून साठवलेली असते, आणि जे सॉफ्टवेअर ती वस्तू ओळखत नाही ते तिला न कुरकुरता वगळतं. ग्राहकाच्या पीडीएफशी प्रिंट ताडून पाहिला: पीडीएफमध्ये सात चौकटी, प्रिंटमध्ये पाच. गाळलेल्या दोनांपैकी एक लोकेटिंग पिनच्या भोकांच्या पोझिशनची होती. ती न पाहता प्लेट झाली असती तर भोकं एच सातच्या गेजला पास झाली असती आणि फिक्स्चरवर जॉब बसला नसता. सेटिंग, रीमर, दोन शिफ्ट, वर ग्राहकाची एनसी, म्हणजे मालात दोष असल्याची नोंद. लिबरकॅडचा यात दोष म्हणावा असं काही नाही. ते आपलं टूडी चित्र काढायला चांगलं आहे. दुसऱ्याचं करारपत्र वाचायला ते बसवलं, ही चूक.

तिथेच कॅडचा निकाल लागला. दुसऱ्याचं टूडी ड्रॉइंग फक्त पाहायचं आणि छापायचं असेल तर डीडब्ल्यूजी ट्रूव्ह्यू: मुक्त नाही, पण मोफत आहे. त्यात तीच फाइल उघडली तेव्हा साती चौकटी जागेवर होत्या. छापताना 'फिट टू पेपर'ची खूण काढायची, नाहीतर टेम्प्लेट म्हणून वापरलेला एकास एक प्रिंट दोन-तीन टक्के लहान होतो. थ्रीडी मॉडेल स्टेप या, बहुतेक कॅडना वाचता येणाऱ्या स्वरूपात येत असेल तर प्लॅनिंग आणि क्वालिटीला फ्रीकॅड पुरतं. नोव्हेंबर 2024 मध्ये त्याची 1.0 आवृत्ती आली, आणि स्टेप वाचणं, माप घेणं, सेक्शन पाहणं त्यात नीट होतं. कॅमचं, म्हणजे व्हीएमसीचे प्रोग्रॅम बनवणारं, मशीन स्वतःच्या डोंगलवाल्या (लायसन्सच्या किल्लीवर चालणाऱ्या) कॅममध्ये स्टेप घेतं, त्याला कॅड लागतच नव्हतं. कुणीतरी 'असू दे' म्हणून टाकून ठेवलं होतं. उरलं डिझाइनचं एक मशीन. तिथे ग्राहकाच्या मूळ स्वरूपातली असेंब्ली उघडून, बदलून, त्याच स्वरूपात परत द्यावी लागते. तिथे विकत घेण्याला पर्याय नाही, आणि शोधण्यात दिवस घालवण्यात अर्थही नाही. चारची एक सीट झाली.

चोरट्या विंडोजच्या त्या चार जुन्या पीसींचं काय? चौथ्या पिढीचे आय-थ्री. विंडोज 10 चा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपणार होता आणि टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय नसल्यामुळे ही मशीनं विंडोज 11 च्या अटींत बसत नव्हती. त्यांच्यासाठी विंडोज विकत घेणं म्हणजे मोडीत निघायच्या गाडीला नवे टायर. म्हणून तिथे विंडोजच्या जागी मुक्त असलेलं लिनक्स मिंट 22, एक्सएफसीई डेस्कटॉप, 4 जीबी रॅम. पेनड्राइव्हवरून आधी न बसवता चालवून प्रिंटर आणि नेटवर्क तपासलं. गेट, स्टोअर्स, डिस्पॅच बिनबोभाट झाले.

टाइम ऑफिस अडलं. तिथे पगाराची एक एक्सेल आहे, तिच्यातलं बटण दाबलं की पीएफची ईसीआर, म्हणजे पोर्टलवर चढवायची महिन्याच्या विवरणपत्राची, फाइल तयार होते. मिंटवर बटण दाबलं तर मॅक्रो पहिल्याच ओळीला पडला, कारण तो विंडोजचाच एक घटक मागत होता. लिबरऑफिस एक्सेलचे साधे मॅक्रो बऱ्यापैकी चालवतं, पण खाली विंडोजच नसेल तर ते काय करणार? मॅक्रो उघडून पाहावा म्हटलं, तर त्याला पासवर्ड. लिहिणारा माणूस कधीच नोकरी सोडून गेलेला. पीएफ भरायची शेवटची तारीख 15, ती रविवारी.

"सर, चार दिवस एक्सेलवरच चालू दे ना," टाइम ऑफिसच्या ताई म्हणाल्या. चोरट्या एक्सेलवर चालू द्यायचं नव्हतं, आणि ईसीआर ही तशी साधी गोष्ट आहे. दर कामगाराची एक ओळ, अकरा रकाने: यूएएन (कामगाराचा पीएफ क्रमांक), नाव, एकूण पगार, मग ईपीएफ (भविष्यनिर्वाह निधी), ईपीएस (पेन्शन), ईडीएलआय (विमा) यांच्यासाठी धरलेले पगार, मग ईपीएफ वर्गणी, ईपीएस वर्गणी, दोन्हींतला फरक, बिनपगारी दिवस, आगाऊ रकमेचा परतावा. रकान्यांमध्ये #~# ही खूण. नवी शीट केली, बाराव्या रकान्यात सगळे रकाने जोडणारं टेक्स्टजॉइनचं एक सूत्र लिहून खाली ओढलं, तो रकाना टेक्स्ट एडिटरमध्ये चिकटवला. यूएएनचा रकाना आधीच मजकूर म्हणून ठेवायचा. बारा आकडी असल्यामुळे आकडा समजला गेला तर एक्सेलमध्ये तो 1.01ई+11 असा दिसतो, आणि सीएसव्हीत तसाच जतन झाला की मूळ आकडे गेले.

गणिताला एक खोच आहे. पीएफच्या 15,000 रुपये पगारमर्यादेवर मालकाचे 12 टक्के म्हणजे 1,800. त्यातले पेन्शनचे 8.33 टक्के 1,249.50, पूर्णांकात 1,250. उरलेले 3.67 टक्के वेगळे काढले तर 550.50, पूर्णांकात 551. बेरीज 1,801. दर माणशी एक रुपया जास्त. म्हणून फरक टक्क्यांनी काढायचा नाही, 1,800 मधून 1,250 वजा करायचे: 550. जुन्या मॅक्रोने हे बरोबर केलं होतं, पण पासवर्डच्या आड. आता ते सूत्रात उघडं होतं. ताईंनी ते वहीत उतरवून घेतलं, आणि फेब्रुवारीत 300 होणारा व्यवसायकरही त्याच शीटमध्ये का लावत नाही म्हणून विचारलं.

कोटेशन उलटून परत डीलरकडे गेलं: कॅड एक, ऑफिस तीन, विंडोज शून्य. डीलरचा फोन लगेच आला. मोफतवाल्याचा सपोर्ट कोण देणार, हा त्याचा प्रश्न रास्त होता. वाचलेल्या रकमेतून महिन्यातले दोन अर्धे दिवस सपोर्टसाठी ठरवून बांधले आणि तेही कागदावर घेतलं. ही ओळ हिशोबात न धरता 'फुकट' म्हणणारे वर्षभराने विकतवाल्याकडे परत येतात. व्हीएमसीवर नवा प्रिंट गेला. जुन्यावर लाल पेनने काट मारून क्वालिटीने तो आपल्या फायलीत लावून घेतला.

ईसीआर शुक्रवारी अपलोड केली. पहिल्यांदा नाकारली गेली: एका ओळीत नावाचं स्पेलिंग यूएएनच्या नोंदीशी जुळत नव्हतं. ते दुरुस्त केलं आणि दुपारी तीनला चलनाचा टीआरआरएन, म्हणजे संदर्भ क्रमांक, आला.