म्हाताऱ्या कुत्र्यासाठी बोर्डिंग शोधताना: भूगाव, वाघोली, उंड्री

घरचं लग्न कोकणात, आणि आमचा बंड्या तेरा वर्षांचा लॅब्रॅडॉर, मागचे पाय संधिवाताने धरलेले. ताम्हिणी घाटातली वळणं त्याला झेपणारी नव्हती, म्हणून बोर्डिंग, म्हणजे आपण नसताना कुत्रं सांभाळणारी जागा, बघत पुणं पालथं घातलं.

कोथरूडहून आधी भूगावला गेलो. हा रस्ता शनिवार-रविवारी टाळाच. मुळशीला निघालेल्या गाड्या भूगावात तुंबतात आणि उन्हात म्हातारं कुत्रं धापा टाकायला लागतं. जागा फोटोत होती तशीच निघाली: हिरवळ, पोहायचा हौद. तरण्या कुत्र्याची चंगळच. बंड्या दिवसभर झोपतो, त्याला हौदाचं काय कौतुक? मी खोलीत वाकून पाहिलं, तर खाली गुळगुळीत टाइल्स. सांधे धरलेल्या कुत्र्याचे पाय त्यावर फाकतात, उठता येत नाही. रबरी मॅट टाकाल का विचारलं, तर “आजवर कुणी मागितली नाही.” शिवाय गवत म्हटलं की गोचिडी आल्याच. गोचीडतापाची लक्षणं बहुधा एक ते तीन आठवड्यांनी दिसतात, म्हणजे कुत्रं घरी आल्यावर. जेवण तुटलं किंवा हिरड्या पांढुरक्या दिसल्या, तर लगेच रक्त तपासून घ्या.

वाघोलीची जागा स्वच्छ होती, पण शेजारी लग्नाचं लॉन. डीजे, फटाके, वर लोहगावची विमानं. रात्री इथे कोण असतं, या प्रश्नाला “सीसीटीव्ही आहे ना!” असं उत्तर मिळालं. फिट आलेल्या कुत्र्याला कॅमेरा उचलणार का?

उंड्रीत एक काका-काकू राहत्या घरातच मोजकी कुत्री ठेवतात. हिरवळ नाही, फोटोही यथातथाच. पण माझ्याआधी काकांनीच विचारलं, “रात्री शू करायला उठतो का? गोळी कशात घालून खातो?” काका कुत्र्यांच्याच खोलीत झोपतात, डॉक्टर जवळ. तिथेच ठरवलं. आधी एक रात्र ठेवून पाहिला; जेवला, झोपला.

बोर्डिंगवाले रेबीज आणि नाइन-इन-वन (अनेक आजारांवरची एकत्र लस) यांच्या नोंदींचं लसकार्ड मागतात. न मागणाऱ्यांकडे ठेवू नका. केनेल कफची (कुत्र्यांच्या संसर्गजन्य खोकल्याची) लस आदल्या दिवशी देऊन उपयोग नसतो, डॉक्टरांना आधीच विचारा. पावसाळ्यात लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसच्या लसीचा) डोस चालू आहे ना, तेही बघा.

गोळ्या तारखा घालून वेगवेगळ्या पाकिटांत दिल्या. सांध्यांची गोळी जेवणासोबतच, हे पाकिटावर लिहिलं. कणकण वाटली म्हणून कुणी कॉम्बिफ्लॅम देऊ नये, हेही ठळक लिहा. त्यातलं आयबुप्रोफेन कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडाला घातक असतं. तुमचा फोन लागला नाही तर उपचार कितीपर्यंत करायचे, याचं संमतीपत्र सही करून द्या. खाणं घरचंच द्या. एकदम बदललं की म्हातारं पोट बिघडतं. आणि गणपती-दिवाळीत जायचं असेल तर बरंच आधी बोलून ठेवा, अशा छोट्या जागा पटकन भरतात.