वसईच्या घंटा, सोपाऱ्याचा दगड आणि आईची सुकेळी

गाडी काढून बाहेर जायचं म्हणजे लोणावळा नाहीतर अलिबाग, त्यामुळे वसईला जाऊया म्हटल्यावर बायको म्हणाली, "अरे मग विरार लोकल आहे की!" तरी सकाळी साडेसहाला आम्ही तिघं परळहून निघालो, मी, ती आणि मागच्या सीटवर आई. वर्सोवा पुलावर ट्रॅफिक अर्थातच लागलं, त्याबद्दल काय लिहायचं.

वसईचा किल्ला मी शाळेच्या सहलीत पाहिलेला, पण तेव्हा लक्ष डब्यात होतं. १५३४ ला गुजरातच्या बहादूरशाहाने वसई पोर्तुगीजांना दिली आणि मग १७३९ पर्यंत म्हणजे दोनशे वर्षं इथे त्यांचं एक अख्खं शहर नांदत होतं. छप्पर उडालेल्या चर्चच्या फरशीत थडग्यांचे दगड आहेत, पोर्तुगीज अक्षरं कोरलेली, आपण चप्पल घालून त्यावरून चालतोय हे कळल्यावर आई गुपचूप बाजूला झाली. वर बघितलं तर घंटेची जागा रिकामी. आणि मला एकदम मेणवली आठवलं! वाईजवळ नाना फडणवीसांच्या वाड्यामागे घाटावर जी मोठी घंटा आहे ना, येशू-मेरीचं चित्र असलेली, ती चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर इथूनच गेलेल्या घंटांपैकी मानतात. नाशिकची नारोशंकराची घंटा पण तशीच. घंटा घाटावर, मनोरे इथे.

बाहेर आल्यावर आईला सुकेळी हवी होती, म्हणजे राजेळी केळी सोलून उन्हात वाळवतात ती. तीन दुकानं फिरलो, चौथ्यात मिळाली, सुक्या केळीच्या पानात बांधलेली. भाव ऐकून मी गप्प, आई म्हणाली, "वाळवायला किती दिवस लागतात माहितीये का तुला?" माहीत नव्हतं. घेतली.

मग नालासोपारा. इमारतींच्या गर्दीतून वाट काढत स्तूपापाशी पोचलो, गावातले जुने लोक त्याला बुरूड राजाचा कोट म्हणतात. विटांचा ढिगारा आणि झाडं, एवढंच दिसतं. पण १८८२ ला पंडित भगवानलाल इंद्रजींनी तो खणला तेव्हा आत दगडी पेटी, तिच्यात एकात एक बसवलेले करंडक आणि बुद्धाच्या आठ ब्राँझच्या मूर्ती निघाल्या, त्या गेल्या एशियाटिक सोसायटीकडे. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही त्याच वर्षी सोपाऱ्यात मिळाला, नवव्याचा १९५६ ला भुईगावात. म्हणजे इथलंही सगळं बाहेर!

शेवटी शिरसाड फाट्यावरून वज्रेश्वरी, वसई मिळावी म्हणून चिमाजी अप्पांनी जिला नवस केला असं सांगतात ती. बाकी जे गेलं ते गेलं, हा नवस तेवढा जवळच फेडलेला दिसला म्हणून बरं वाटलं. अकलोलीच्या गरम कुंडात पाय बुडवून आई अर्धा तास हललीच नाही.

सोमवारी लंच टाइममध्ये मी ऑफिसमधून चालत म्युझियममध्ये गेलो, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, सोपाऱ्याचा दगड बघायला. रोज ज्याच्यासमोरून जातो तिथे बारा वर्षांत पहिल्यांदा शिरलो. अशोकाचा तो आठवा लेख गंमत म्हणजे प्रवासावरच आहे, आधीचे राजे विहारयात्रेला जायचे, शिकार आणि मौजमजा करायला, मी मात्र धम्मयात्रा करतो असं म्हणतो तो. आमची यात्रा पहिल्याच प्रकारातली म्हणायची, शिकार फक्त सुकेळ्यांची.