माझा अनुभव : सांगलीत बसून एक अल्बम विकत घेताना

सांगलीत इलेक्ट्रॉनिक संगीताचे चाहते अगदीच नाहीत असे नाही. ते ऐकण्याची जागा मात्र गावात नाही. गणपतीत आणि वरातीत डॉल्बीवर जे वाजते तेही यंत्रांतूनच निघालेले संगीत असते, पण तिथे निवड आपली नसते आणि आवाज असा असतो की ऐकणे हा प्रकार शिल्लकच राहत नाही. पुण्या-मुंबईला चांगले डीजे येतात. परंतु मध्यरात्री संपणाऱ्या कार्यक्रमासाठी निदान सव्वादोनशे किलोमीटर जायचे, पहाटेच्या एसटीने परतायचे आणि दहा वाजता मार्केट यार्डातील पेढीवर हळदीच्या हिशेबपट्ट्या करायला बसायचे, हे चाळिशीनंतर जमत नाही. त्यामुळे माझ्यासारखे लोक घरीच, हेडफोन लावून आणि बहुधा घरातली माणसे झोपल्यावर ऐकतात.

सुरुवात सगळ्यांची फुकटच्या ठिकाणांवरून होते. लंडनला २०१० मध्ये सुरू झालेल्या बॉयलर रूम या डीजेंचे कार्यक्रम दाखवणाऱ्या उपक्रमाचे तास-तासभराचे व्हिडिओ यूट्यूबवर आहेत, बर्लिनमध्ये स्थापन झालेल्या साउंडक्लाउडवर डीजेंनी एकाला एक गाणी जोडून केलेल्या मिक्सचा तोटा नाही, आणि लंडनचेच एनटीएस हे इंटरनेट रेडिओ केंद्र चोवीस तास चालू असते. फक्त तिथले रात्री आठ म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात साडेबारा आणि हिवाळ्यात दीड, एवढे लक्षात ठेवावे लागते. २०१९ मध्ये स्पॉटिफाय भारतात आल्यावर तर सारेच सोपे झाले. पण त्या सेवेवर वर्षभरात हजारापेक्षा कमी वेळा वाजलेल्या ट्रॅकसाठी २०२४ पासून काहीच मानधन दिले जात नाही, आणि मी ऐकतो त्यातले बरेचसे संगीत त्या हजाराच्या आतलेच असावे असा माझा अंदाज आहे. म्हणून जे फार आवडते ते विकत घ्यायचे, असे मी ठरवले. इथवर काहीही अडचण आली नव्हती.

मला हवा होता तो एक विशिष्ट संग्रह. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये मूग सिंथेसायझर, म्हणजे विजेवर स्वर तयार करणारे वाद्य, आला, अमेरिकी संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी तिथला स्टुडिओ उभा करून दिला, आणि गीता साराभाई, अतुल देसाई, आय. एस. माथूर, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा यांनी पुढची तीनेक वर्षे त्यावर ध्वनिफिती तयार केल्या. त्या फिती संस्थेच्या संग्रहात कित्येक दशके पडून होत्या. पॉल पर्गस या ब्रिटिश कलावंताने त्या शोधून काढल्या आणि २०२३ मध्ये लंडनहून त्यांचा अल्बम निघाला. म्हणजे अहमदाबादेत तयार झालेले संगीत सांगलीच्या माणसाने ऐकायचे, तर पैसे पौंडांत मोजावे लागतात. ही गोष्ट एरवी मजेची वाटली असती. पुढे बँकेत तिचाच मला त्रास झाला.

किंमत आपल्या हिशेबाने हजारभर रुपये. मी डेबिट कार्डाचा क्रमांक भरला आणि व्यवहार नाकारला गेला. बँकेचे ॲप उघडले, तर ‘आंतरराष्ट्रीय व्यवहार’ ही कळ करड्या रंगात निपचित पडलेली आणि खाली सूचना : ‘कृपया आपल्या शाखेशी संपर्क साधा.’ बँकेचे नाव लिहीत नाही, कारण मिरजेतील माझ्या एका मित्राला दुसऱ्याच बँकेत हुबेहूब हाच अनुभव आला आहे.

हे का होते ते आधी सांगतो. रिझर्व्ह बँकेने १५ जानेवारी २०२० रोजी एक परिपत्रक काढले. त्यानुसार नवे कार्ड केवळ देशातील एटीएमवर आणि दुकानातील यंत्रावर चालेल अशा स्थितीत दिले जाते. ऑनलाइन, परदेशी आणि स्पर्शविरहित व्यवहार ग्राहकाने स्वतः सुरू करून घ्यायचे असतात. जी जुनी कार्डे अशा व्यवहारांसाठी कधीच वापरली गेली नव्हती, त्यांवरील ती सोयही बंद करण्यास सांगण्यात आले. नियम ग्राहकाच्या संरक्षणासाठीच आहे आणि त्याविषयी माझी तक्रार नाही. मात्र त्याच परिपत्रकात असेही म्हटले आहे की, ही सोय चालू-बंद करण्याची आणि मर्यादा ठरवण्याची व्यवस्था बँकेने मोबाइल ॲप, इंटरनेट बँकिंग, एटीएम आणि फोन अशा अनेक मार्गांनी दिवसाचे चोवीस तास उपलब्ध ठेवावी. त्या परिच्छेदाची छापील प्रत घेऊनच मी शाखेत गेलो. तिचा तिथे काही उपयोग झाला नाही, परंतु तुम्ही अवश्य न्यावी. निदान आपण नियमाबाहेरचे काही मागत नाही, हे बोलताना आवाजात राहते.

पहिल्या खिडकीवरच्या तरुणाने कार्ड उलटसुलट करून पाहिले आणि हे देशांतर्गत रुपे कार्ड असल्याने परदेशी संकेतस्थळावर चालणारच नाही, आंतरराष्ट्रीय प्रकारचे वेगळे कार्ड घ्यावे लागेल, असे सांगितले. ही माहिती बरोबर होती आणि ती ॲपमध्ये एका ओळीत देता आली असती. त्याने अर्ज पुढे सरकवला आणि विचारले, “कुठं निघालाय परदेशात?”

“कुठंच नाही. एक अल्बम घ्यायचाय, तो लंडनहून विकतात.”

“मग व्हिसा झालाय?”

“मी जात नाही हो, पैसे जाणार आहेत.”

त्याने सहानुभूतीने माझ्याकडे पाहिले. “गाणी यूट्यूबवर फुकट असतात की, अण्णा. कशाला पैसं घालवताय?” शेजारच्या खिडकीवरच्या बाईंनी कसली गाणी म्हणून विचारले, मी अहमदाबादची असे सांगितले, आणि अहमदाबादची गाणी लंडनहून का आणायची या प्रश्नावर रांगेतले लोकही हसले. मूग सिंथेसायझरचा इतिहास सांगायची ती जागा नव्हती, तरी मी थोडा सांगितला. त्याचा परिणाम असा झाला की बाईंना हा ऑनलाइन फसवणुकीचा प्रकार वाटला आणि कुणी फोनवरून असे करायला सांगितले आहे का, याची त्यांनी माझ्याकडे गंभीरपणे चौकशी केली. त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही. रोज कुणी ना कुणी फसून त्यांच्यासमोर येऊन बसत असेल, तर त्यांनी विचारायलाच हवे.

माझा राग आहे तो त्या अर्जावर. कार्डाचा प्रकार बदलण्याचा अर्ज म्हणून जो कागद मला दिला गेला, त्यात प्रवासाचा देश, प्रवासाचे कारण, प्रस्थानाची तारीख, परतीची तारीख आणि पासपोर्ट क्रमांक असे रकाने होते आणि त्या प्रत्येकापुढे आवश्यक असल्याची चांदणी होती. घरी बसून परदेशी वस्तू विकत घेणारा माणूस हा अर्ज तयार करणाऱ्याच्या कल्पनेतच आलेला नव्हता. माझ्या पासपोर्टची मुदत कधीच संपली आहे. मी सर्व रकान्यांत ‘लागू नाही’ असे स्वच्छ अक्षरात लिहिले आणि अर्ज दिला. काही दिवसांनी तो विभागीय कार्यालयातून ‘अपूर्ण’ असा शेरा घेऊन परत आला. पुन्हा गेलो, तेव्हा दुसऱ्या अधिकाऱ्यांनी मला परदेशी रक्कम पाठवण्याचा ए-टू अर्ज भरायला सांगितले. तो खात्यातून थेट परदेशी पैसे पाठवणाऱ्यासाठी असतो, कार्ड मिळवण्यासाठी नव्हे, हे त्यांना पटवण्यात एक सकाळ गेली. त्यानंतर माझी सही खाते उघडतानाच्या सहीशी जुळत नसल्याचे निघाले. पेढीवर मी दिवसाला शंभरेक सह्या करतो. वीस वर्षांत ती आखडली असेल, तर त्यात नवल काय? मग केवायसीची कागदपत्रे नव्याने दिली. आधार, पॅन आणि दोन फोटो पहिल्याच फेरीला बरोबर ठेवा, ते कोणी आधी सांगत नाही.

मधल्या काळात ग्राहक सेवेच्या क्रमांकावरही प्रयत्न चालू होते. आपला कॉल महत्त्वाचा असल्याचे सांगून झाले की सिंथेसायझरवरची एक छोटी धून सुरू होते, आठ मात्रांनी संपते आणि लगेच पहिल्यापासून वाजू लागते. चौथ्या मात्रेला तीत एक बारीक खरखर आहे. त्या दिवसांत मी सर्वाधिक ऐकलेले इलेक्ट्रॉनिक संगीत तेच होते, आणि दुपारी दोन ते तीन या वेळेत ते सर्वांत जास्त वेळ ऐकायला मिळते. फोन करायचाच असेल तर सकाळी आठच्या आसपास करावा.

अखेर काम झाले ते शाखा व्यवस्थापकांकडे थेट गेल्यावर. त्यांनी अर्ज शांतपणे वाचला, प्रवासाच्या रकान्यांवर एक तिरकी रेघ मारली, समासात ‘ऑनलाइन खरेदीसाठी’ असे स्वतःच्या हाताने लिहिले, खाली रबरी शिक्का मारून सही केली आणि अर्ज पुन्हा पाठवायला सांगितला. या वेळी तो परत आला नाही. ज्यांना असा अर्ज भरायचा आहे त्यांनी खिडकीवर वाद न घालता समासातील हा एवढा मजकूर आधी मिळवावा; छापील रकान्यांपेक्षा त्याचे वजन जास्त आहे. तो लिहिताना व्यवस्थापकांना एक मिनिटही लागले नाही, हे आठवले की मला अजून चीड येते.

नवे कार्ड टपालाने आले, पिन एटीएमवर तयार झाला, ॲपमधील कळ करडीची निळी झाली आणि व्यवहार पुन्हा नाकारला गेला. कारण कळ चालू असली तरी तिच्याखालची रकमेची मर्यादा शून्य होती. एटीएम, दुकान आणि ऑनलाइन अशा तीन वेगवेगळ्या मर्यादा असतात, त्यांपैकी ऑनलाइनची वाढवावी लागते. ती खरेदीच्या किमतीपेक्षा थोडी जास्तच ठेवावी, कारण परकीय चलनाच्या व्यवहारावर बँक साधारण साडेतीन टक्क्यांपर्यंत आकार लावते आणि त्या आकारावर पुन्हा जीएसटी असतो. त्यानंतर मात्र पैसे डोळ्यांदेखत गेले, तेही ओटीपी न मागता. परदेशी संकेतस्थळे ओटीपी मागतीलच असे नाही, हे आपल्या सवयीच्या विरुद्ध असल्याने छातीत थोडे धस्स होते. याच कारणासाठी पगाराचे किंवा बचतीचे मुख्य खाते यात गुंतवू नये. दुसऱ्या खात्यात लागेल तेवढीच रक्कम ठेवावी.

अल्बम उतरवून घेताना फाइलचा प्रकार निवडायला मिळतो. एमपी-थ्रीमध्ये जागा वाचवण्यासाठी ध्वनीचा काही भाग गाळलेला असतो, फ्लॅकमध्ये काहीच गाळलेले नसते. मी फ्लॅक घेतला. तो ब्लूटूथवरून ऐकला तर वाटेत आवाज पुन्हा दाबला जातो, तेव्हा वायरचे हेडफोन वापरावेत. फोनच्या स्पीकरवर तर हे संगीत ऐकूच नये. या संगीताचा पाया पन्नास-साठ हर्ट्झच्या खर्जात असतो आणि तेवढा खाली तो स्पीकर उतरूच शकत नाही.

खर्ज म्हणजे काय, ते मला कुपवाडच्या एका गोदामात समजले. माझा एक शाळासोबती मंडळांना डॉल्बी भाड्याने देतो. हंगाम नसताना त्याचे बॉक्स ताडपत्रीखाली थप्पी लावून ठेवलेले असतात. एका रविवारी दुपारी त्याने बेसचे दोन आणि वरचे दोन बॉक्स जोडले, शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून आवाज अगदी खाली ठेवला आणि माझा फोन मिक्सरला लावला. मूगचा एक स्वर घसरत खाली जात होता. हेडफोनमध्ये मला तो जिथे संपला असे वाटले होते, तिथून पुढेही तो खाली जातच राहिला आणि शटरची पत्र्याची पट्टी थरथरू लागली. मित्राने हातातला पाना खाली ठेवला, बराच वेळ ऐकले आणि विचारले, “बीट कधी पडायचा?” पडेल, पुढे आहे, असे मी त्याला सांगितले. शर्मांच्या तुकड्यात तो पडलाही, आणि तेव्हा मित्राने न विचारता आवाज थोडा वाढवला. ज्यांच्या ओळखीत असा कुणी साउंडवाला असेल, त्यांनी चैत्र ते आषाढातली एखादी मोकळी दुपार मागून घ्यावी.

आता यादीत पुढचे नाव चरणजित सिंग यांचे आहे. मुंबईच्या या वादकाने १९८२ मध्ये रोलंड कंपनीच्या टीबी-३०३ या खर्जाच्या आणि टीआर-८०८ या तालाच्या यंत्राच्या साथीने राग वाजवून जी तबकडी काढली, ती तेव्हा फारशी खपली नाही. २०१० मध्ये नेदरलँड्समधून ती पुन्हा निघाली आणि जगभरच्या डीजेंनी डोक्यावर घेतली. म्हणजे याही वेळी पैसे परदेशीच जाणार. एक सांगायचे राहिले : बँडकॅम्प या कलावंतांचे संगीत विकणाऱ्या संकेतस्थळावर खरेदी करणार असाल तर ‘बँडकॅम्प फ्रायडे’ची तारीख पाहून करा. २० मार्च २०२० पासून ही पद्धत सुरू झाली. जाहीर केलेल्या त्या शुक्रवारी कंपनी एरवी डिजिटल विक्रीवर घेते तो पंधरा टक्क्यांचा वाटा सोडते आणि तेवढे पैसे कलावंताला जास्त मिळतात. त्यांचा शुक्रवार अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या घड्याळाने चालतो, त्यामुळे आपल्याकडे तो उन्हाळ्यात दुपारी साडेबाराला आणि हिवाळ्यात दीडला सुरू होऊन शनिवारी त्याच वेळी संपतो. खरेदी उरकली की ॲपमधील आंतरराष्ट्रीय व्यवहारांची कळ लगेच बंद करावी. आता ती पुन्हा चालू करायला शाखेत जावे लागत नाही.