दिवाळीच्या भेटी क्रोशावर : सोलापुरी सुतातलं यंदाचं काम

गौरी-गणपती उरकले, पितृपंधरवडा सरला आणि विणकामाला खरा जोर आला. यंदा दिवाळीच्या भेटी सगळ्या सुती धाग्यातच करायच्या, लोकर घ्यायचीच नाही, असं ठरवून बसले आहे. आपल्या सोलापुरात लोकरीची टोपी वर्षातून किती दिवस डोक्यावर येते? उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि महिनाभर तिथंच ठाण मांडतो. अशा गावात प्रेमानं दिलेली शाल कपाटाच्या वरच्या कप्प्यात जाऊन बसते. मला रोज हाताळली जाणारी, आठवड्याला धुतली जाणारी वस्तू द्यायची आहे. शिवाय सुताच्या गावात राहून सूत सोडून दुसरं काही वापरायचं म्हणजे मनाला पटत नाही.

आधी धाग्याबद्दल, कारण मला सगळ्यात जास्त प्रश्न त्याचेच येतात. दुकानातले तयार सुती गोळे छानच असतात, रंगही भरपूर. पण पाच-सहा घरांच्या भेटी करायच्या तर ते महाग पडतात. म्हणून मी सोलापूरच्या पूर्व भागातून, म्हणजे विणकरांच्या वस्तीतून, मागाच्या सुताचा कोन (शंकूवर गुंडाळलेलं सूत) आणते. कोनावर २/१०, २/२० असे आकडे असतात. दुसरा आकडा सुताचा नंबर आणि पहिला त्यात पीळ दिलेले पदर. ८४० यार्डांची एक लड, आणि एका पौंडात अशा जितक्या लडी बसतात तो नंबर. म्हणजे १० नंबरच्या सुताचे पौंडात ८,४०० यार्ड. दोन पदर एकत्र पिळले की लांबी निम्मी, ४,२०० यार्ड. ग्रॅम-मीटरच्या हिशेबात मांडलं तर २/१० चं १०० ग्रॅम सूत साधारण ८४५ मीटर भरतं. एवढ्या बारीक धाग्यावर नॅपकिनची किनार कधी व्हायची! म्हणून चार धागे एकत्र धरायचे. मग १०० ग्रॅमला २१० मीटरच्या आसपास लांबी येते आणि ३.५ मिमीच्या सुईवर हात मस्त चालतो. तीन धागे धरले तर २.५ ची सुई.

शेजारच्या अक्कांच्या माहेरी आणि सासरी दोन्हीकडं माग होते. मी कोन आणायला निघाले तेव्हा त्यांनी दारातच विचारलं, "वीस नंबर आणायलीस का? नको गं, दहा आण. वीसचे आठ-आठ धागे धरत बसशील, एक ढिला पडला की सगळं काम वाकडं." पूर्ण आयुष्य सुतात गेलेल्या माणसाचं ऐकावं. चार धागे सारख्या ताणानं यायला हवे असतील तर चार वेगळे कोन पायाशी उभे ठेवायचे, कोनाच्या टोकातून धागा सरळ वर येऊ द्यायचा. चार गोळे केले तर ते गडगडतात आणि एकमेकांत गुंततात.

(सोय म्हणून सांगते: मी मुका खांब म्हणते ते सिंगल क्रोशे, नुसता खांब म्हणजे डबल, अर्धा खांब म्हणजे हाफ डबल आणि घसरता टाका म्हणजे स्लिप स्टिच. गावोगाव नावं बदलतात.)

पहिली वस्तू पूर्ण झाली ती धाकट्या भावाची. तो दर कोजागिरीला इथून तुळजापूरला पायी जातो, साधारण ४५ किलोमीटर. त्यामुळं त्याची भाऊबीज आधीच द्यावी लागते. त्याला केली पाण्याच्या बाटलीची खांद्यावरची जाळीपिशवी. तळ मुक्या खांबांचा गोल: ६ टाक्यांनी सुरुवात, प्रत्येक फेरीत ६ वाढव, ६-१२-१८ करत ३६ पर्यंत. तिथून वाढ बंद, की भिंत आपोआप उभी राहते. वर साखळ्यांची जाळी. खरं डोकं लावावं लागतं ते पट्ट्याला. लिटरभर पाण्याचं वजन किलोभर, आणि रात्रभर चालायचं. आडव्या लहान लहान ओळींनी विणलेला पट्टा ताणून गुडघ्यापर्यंत येतो. म्हणून पूर्ण लांबीची साखळी टाकायची आणि लांबीच्याच दिशेनं मुक्या खांबांच्या ओळी घ्यायच्या, दोन्ही कडांना घसरता टाका. असा पट्टा फारसा ताणत नाही. भावानं भरलेली बाटली अडकवून अंगणात फेऱ्या मारून बघितल्या आणि दुसरी एक मित्रासाठी मागितली. तीही सुईवर आहे.

आता माझं सगळ्यात आवडतं काम. वहिनी, दोन्ही नणंदा आणि ऑफिसातल्या मैत्रिणी, सगळ्यांना टेरी नॅपकिनची जोडी, क्रोशाची किनार लावून. सोलापुरी चादरीला जसं भौगोलिक मानांकन आहे तसं सोलापुरी टेरी टॉवेललाही आहे, आणि बाहेरगावच्या पाहुण्यांना हे सांगताना मला फार बरं वाटतं. मऊ, पाणी पटकन टिपणारं कापड इथंच विणलेलं, त्याला आपल्या हातची कड. यापेक्षा चांगली भेट मला तरी सुचत नाही.

यात एक गोष्ट कुणी टाळू नका. नॅपकिन आणि सूत दोन्ही आधी धुऊन घ्या. दोन्ही सुतीच, पण दोघांचं आटणं सारखं नसतं. कोरं विणलं तर पहिल्या धुण्यात किनार चुण्या पडून वर उचलते. सुताची लडी करून चार ठिकाणी सैल बांधायची, गरम पाण्यात बुडवायची, सावलीत वाळवायची. लाल आणि गर्द निळ्या सुताचं पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवायचं, मग ओल्या पांढऱ्या फडक्यावर दाबून बघायचं. फडक्याला रंग लागला तर ते सूत पांढऱ्या नॅपकिनला लावायचं नाही.

नॅपकिनची शिवलेली पट्टी क्रोशाच्या सुईला भोसकू देत नाही. म्हणून आधी धारदार सुईनं काजटाका घालते, दोन टाक्यांत ६ मिमी अंतर, खोली ४ मिमी. वर जो आडवा दोरा तयार होतो त्यात क्रोशाची सुई सहज जाते. प्रत्येक काजात २ मुके खांब. ३० सेंमी रुंद नॅपकिनला ५० काज, म्हणजे १०० टाके. शंखाच्या नक्षीला ६ च्या पटीत १ मिळवून टाके लागतात. ९६ आणि १ असे ९७ हवेत, तर या पहिल्याच ओळीत लांब लांब अंतरावर तीनदा दोन-दोन टाके एकत्र घ्यायचे, कुठं कमी केलेत ते दिसतही नाही. दुसऱ्या ओळीत २ टाके सोडून पुढच्या एकात ५ खांब, पुन्हा २ सोडून १ मुका खांब. बरोबर १६ शंख बसतात. पांढऱ्या नॅपकिनला हिरवी आणि आमसुली किनार इतकी खुलून दिसते की मी तेवढे दोनच रंग ठेवलेत. सगळ्यांच्या जोड्या झाल्यात, टोकं लपवायची राहिलीत. सुताची टोकं दोन वेळा दिशा बदलून आत घ्या, सूत लोकरीसारखं आपोआप धरून राहत नाही.

गरम भांडी उचलायच्या पकडी आईला आणि मावशीला. त्याही शुद्ध सुतीच आणि दुहेरी जाडीच्या. इथं ॲक्रिलिक चुकूनही वापरू नका, तव्याला टेकलं की वितळतं.

भाच्यासाठी बैलजोडी चालू आहे, आणि बैल म्हणजे खिलारच. सासऱ्यांचं (मी त्यांना मामा म्हणते) बालपण मंगळवेढ्याकडं शेतात गेलं. मी डोकं विणत होते तेव्हा मामा शेजारी येऊन बसले. माझ्या हातातलं डोकं घेऊन बोटानं हवेत रेघ काढत म्हणाले, "खिलाराचं शिंग मुळाशी जवळजवळ असतंय, तिथनं मागं जातंय अन् टोकाला वर उठतंय. तोंड लांबट, अन् वशिंड विसरू नको." शिंग त्याप्रमाणं केलं. ६ टाक्यांची बारीक नळी, प्रत्येक फेरीत ३ मुके खांब आणि ३ अर्धे खांब. मुक्या खांबांची बाजू आखूड पडते, म्हणून नळी तिकडं वाकत जाते, तार घालावी लागत नाही. लहान मुलाच्या हातात जाणाऱ्या खेळण्यात तार नकोच. फेरी सुरू होते तिथं खुणेचा दोरा ठेवा आणि तो फेरीगणिक वर सरकवा, नाहीतर वाकण्याची बाजू फिरते.

भाचा अजून तीनचा नाही, त्यामुळं डोळ्यांना मणी किंवा बटण नाही, काळ्या दोऱ्यानं भरलेत. आत कापूस न भरता फायबर भरलं, कापसाचे धुतल्यावर गोळे होतात. टाके घट्ट हवेत म्हणून तीन धागे आणि २.५ ची सुई. पहिल्या बैलाचं अंग, डोकं, शिंगं, वशिंड झालं. शिंगं दोन बोटांत धरून ओढली तरी हलत नाहीत इतकी पक्की शिवलीत. पाठीवर झूल येणार आहे, मामांनी लालच सांगितलीय. दुसऱ्याचे पाय चाललेत. वसुबारसेच्या आधी जोडी भाच्याच्या घरी पोचायला हवी.

सगळ्यात मोठं काम मोठ्या मावशीचं तोरण, चौकटीच्या जाळीत (काही चौकटी भरलेल्या, काही रिकाम्या) पणत्यांची नक्षी. मी ते आडवं विणते, म्हणजे ओळीची लांबी ही तोरणाची उंची, आणि दार जेवढं रुंद तेवढ्या ओळी. ३० चौकटींना ३० × ३ आणि वर ५, अशा ९५ साखळ्या. पहिली चौकट रिकामी असेल तर पहिला खांब सुईपासून आठव्या साखळीत. माझ्या हाताला एक चौकट ६ मिमीची येते, म्हणून उंची १८ सेंमी आणि ९० सेंमीच्या दाराला १५० ओळी. निम्म्याच्या पुढं गेलंय. मावशीचं दार थोडं जास्त रुंद निघालं तरी शेवटी दोन-चार ओळी वाढवता येतात, उभ्या विणीत ही सोय नसते.

तोरण झालं की खळ. मी साबुदाण्याचीच देते. साबुदाणा भरपूर पाण्यात पारदर्शक होईपर्यंत शिजवायचा, गाळायचा, पातळ करायचा. तोरण त्यात बुडवून हलकं पिळायचं, जाड टॉवेलवर चौकटी सरळ ओढून गंज न धरणाऱ्या टाचण्यांनी ताणायचं आणि सावलीत वाळू द्यायचं. आपल्या कोरड्या हवेत ते लवकर कडक होतं. मावशीला सोबत चिठ्ठी देणार आहे: दिवाळीनंतर तोरण साध्या पाण्यात धुऊन, खळ काढूनच ट्रंकेत ठेव. खळीसकट ठेवलं तर कसर लागते.

दिवाळी झाली की लगेच संक्रांतीच्या वाणाची तयारी. गड्ड्याच्या, म्हणजे संक्रांतीला भरणाऱ्या सिद्धेश्वराच्या यात्रेच्या दिवसांत घर पाहुण्यांनी भरलेलं असतं, तेव्हा विणायला उसंत मिळत नाही. वाणाला पेल्याखालच्या गोल चकत्या करणार आहे, खांबांच्या: पहिल्या फेरीत १२, मग २४, मग ३६ आणि शेवटी मुक्या खांबांची कड. कमी वाढवलं तर वाटी होते, जास्त वाढवलं तर झालर, १२ च्या पटीत ठेवलं की सपाट बसते. रंग अर्थातच काळा, पांढऱ्या कडेचा. काळ्या सुतात रात्री टाका दिसत नाही, त्यामुळं ते काम सुट्टीच्या दुपारी गच्चीच्या दारात. कुणाकडं काळा २/१० पक्क्या रंगाचा, धुतल्यावर न विटणारा असेल तर मला जरूर सांगा, दोन कोन लागतील.