रॉड एकच न्या

सहा वर्षांच्या मुलीला घेऊन हिमाचलात ट्राउट धरायला जायचंय, सामान द्या आणि जमलं तर बेतही आखून द्या, असं म्हणत एक गिऱ्हाईक मागच्या पंधरवड्यात दुकानात आलं. बरोबर बायको आणि ती मुलगी. गळ, दोरा, रील, जाळ्या विकायचं आमचं दुकान कोल्हापुरात गंगावेशीत. रोजचं गिऱ्हाईक चिलापी आणि मरळीचं, ट्राउट या थंड पाण्यातल्या माशाचं नाव काढणारं क्वचितच. हिमाचलातल्या तीर्थन नदीचा काठ मला बऱ्यापैकी ठाऊक आहे, म्हणून असे लोक माझ्याकडे धाडले जातात. सामान काढून देणं सोपं होतं. बेताचं मात्र अजून डोक्यातून जात नाही.

वहिनींचा पहिला प्रश्न सगळेच विचारतात तोच. "एवढ्या लांब कशाला? आंबोलीत न्हाई मिळत?" नाही मिळत. पाय बुडवल्यावर गार लागलं म्हणजे ते ट्राउटचं पाणी झालं असं नाही. या माशाला 10 ते 16 अंशांचं पाणी मानवतं, 20 च्या वर गेलं की तो खाणं सोडतो आणि 25 च्या आसपास तग धरत नाही. पाणी जितकं तापेल तितका त्यातला प्राणवायू कमी होतो आणि ट्राउटला तो भरपूर लागतो. आपले सह्याद्रीतले ओढे उन्हाळ्यात एक तर तापतात नाही तर आटतात. मुळात ट्राउट आपल्याकडचा नव्हेच. इंग्रजांनी त्याची अंडी बोटीने आणून 1900 च्या सुमारास काश्मिरात वाढवली, मग 1907 साली निलगिरीत ॲव्हलांचला हॅचरी, म्हणजे अंडी उबवून पिलं वाढवायची जागा, झाली, 1909 च्या आसपास कुल्लूत. कोल्हापूरहून जवळ पडतं ते निलगिरी. पण ॲव्हलांच राखीव जंगलात आहे, परवानगी हातात असल्याशिवाय जाण्यात अर्थ नाही आणि लहान मुलीला घेऊन गेटवर ताटकळत बसणं मला पसंत नाही. हिमाचलात मत्स्यविभाग दिवसाचं लायसन्स देतो, नोव्हेंबर ते फेब्रुवारी मासा अंडी घालतो म्हणून बंदी असते, आणि शाळेची मे महिन्याची सुट्टी हंगामात बसते.

मुलीच्या वडिलांनी खिशातून कागद काढला. सात दिवसांत बरोट, तीर्थन, सांगला आणि रोहडू. कागद कुठल्या तरी व्हिडिओवरून उतरवलेला, हे बघताक्षणी कळलं. व्हिडिओवाले रस्ता कापून टाकतात. गाडीत बसला आणि पाण्यात उतरला, मधले नऊ तास गायब. त्या नऊ तासांत लहान मूल तीनदा ओकतं आणि दुसऱ्या दिवशी कशालाही हात लावत नाही. सांगला तर 2600 मीटरच्या वर. आपलं कोल्हापूर साडेपाचशेच्या आसपास. तिथे पोचल्या दिवशी मुलीचं डोकं दुखलं तर ते गाडीने दुखतंय की उंचीने, हे ठरवत बसायचं का? मी कागदावर तीन नावं खोडली आणि तीर्थन ठेवलं. एक नदी, एक घर, चार रात्री.

पुण्याहून विमानाने चंदीगड. तिथून सकाळी निघून मंडीला मुक्काम. दुसऱ्या दिवशी औटच्या बोगद्यात न शिरता अलीकडूनच लारजी-बंजारचा फाटा धरायचा आणि दुपारी जेवायला तीर्थनकाठचं गुशैणी गाव. मोठी माणसं चंदीगडहून एका दिवसात जातात, मुलाला घेऊन जाऊ नये. गाडीत निघण्याआधी कोरडा पराठा किंवा बिस्किटं, दूध नाही. ओकारीचं औषध आपल्या डॉक्टरांना वजन सांगून इथूनच न्यायचं.

तीर्थन निवडायचं खरं कारण वेगळं आहे. गुशैणीच्या वर नदीला धरण नाही. खाली लारजीला ती बियासला मिळते आणि तिथे मात्र आहे. 2014 च्या जूनमध्ये लारजीतून सोडलेल्या पाण्यात थलौटजवळ हैदराबादचे 24 विद्यार्थी वाहून गेले. ते कोरड्या दगडांवर फोटो काढत उभे होते. हे मी वहिनींना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, राधानगरीचे दरवाजे उघडले की आमच्या गावात दवंडी फिरते. बरोबर, पण ते आपल्या गावात. परक्या मुलुखात दवंडी ऐकू आली तरी ती कशाची हे कळत नाही. म्हणून धरणाखालच्या पाण्यावर मुलाला न्यायचंच नाही, तिथे कितीही मोठे मासे असोत. धरण नसलेली नदीसुद्धा चढते. वर पाऊस झाला तर आधी पाण्याचा रंग बदलतो, मग पालापाचोळा नि काटक्या वाहत येतात, आवाज जड होतो. यातलं एक दिसलं की दोरा गुंडाळत बसायचं नाही, मुलीला उचलायचं आणि वर चढायचं. मे महिन्यात बर्फाचं पाणी दुपारनंतर वरून खाली येतं आणि नदी गढुळते, तेव्हा गळ सकाळीच टाकायचा. दरीत ऊन उशिरा पोचतं. मुलीसाठी आठ ते दहा हीच वेळ.

आता सामान. मुलीला पाच फुटांचा हलका रॉड आणि बटणाचं बंद तोंडाचं रील दिलं. बटण अंगठ्याने दाबून धरायचं, रॉड पुढे आणताना सोडायचं. सहा वर्षांच्या हाताला हे दहा मिनिटांत जमतं. उघड्या रीलवर तिचा सगळा दिवस गुंता सोडवण्यात जातो. बंद रीलची खोड एकच, आत गुंता झालेला बाहेरून दिसत नाही. मूल हँडल फिरवतच राहतं आणि दोरा पिळून खराब होतो. दोरा अडखळला की पुढचं झाकण काढून बघायचं, ओढायचं नाही. दोरा सहा पौंडी, म्हणजे तेवढ्या ओढीला टिकणारा. ड्रॅग, म्हणजे रीलचा ब्रेक, इतका सैल की मुलीने एका हाताने जोरात ओढलं तर दोरा सुटला पाहिजे. मासा लागला म्हणून रॉड तिच्या हातातून निसटून नदीत गेला तर ती पुन्हा रॉडला हात लावणार नाही.

गळाचं काम मी कुणावर सोपवत नाही. टोकामागे जो उलटा काटा असतो तो पक्कडीने दाबून सपाट करून दिला, एकेक गळ. मग कापसाच्या बोळ्यात टोचून उलटा ओढून दाखवला, तंतूही अडकला नाही तर काम झालं. काटा दाबलेला गळ बोटात घुसला तरी आला तसा निघतो, न दाबलेला काढायला डॉक्टर लागतो, आणि गुशैणीत बसून डॉक्टर कुठे शोधायचा? तीन ग्रॅमच्या स्पिनरना, म्हणजे पाण्यात गरगरणाऱ्या पत्र्याच्या आमिषांना, कंपनी तीन तोंडांचा गळ लावते, तो काढून एकतोंडी बसवला. असे आठ-दहा स्पिनर न्यावेतच, कारण निम्मे दगडांत अडकणार. अडकला की रॉडने हिसडायचं नाही. दोरा कापडाभोवती गुंडाळून सरळ मागे ओढायचा, तोंड फिरवून, कारण सुटलेला स्पिनर गोळीसारखा परत येतो. हे काम वडिलांचं, मुलीला लांब उभं करून. गॉगल दोघांनाही, पोलराइज्ड, म्हणजे पाण्यावरची चकाकी कापणारा. त्याने पाण्यातलं दिसतं हे खरं, पण मी तो डोळा वाचवायला देतो. गांडूळ, पीठ असलं आमिष त्या पट्ट्यात चालतं का, ते लायसन्स काढतानाच विचारायचं.

लाइफ जॅकेट मुलीच्या वजनाचं, दोन पायांमधून पट्टा घेणारं. अंगात घालून खांद्यांशी धरून मुलीला वर उचलायचं. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर ते मोठं आहे. दुकानातच उचलून पाहिलं, पहिलं सरकलं, दुसरं बसलं. बाजारात "पुढच्या वर्षीही होईल" म्हणून मोठं जॅकेट गळ्यात घालणारे दुकानदार आहेत, त्यांचा मला राग येतो. गमबूट नकोत, पाणी शिरलं की पाय उचलत नाही. पकड असलेले बूट, वर एक जादा जोड आणि लोकरी मोजे भरपूर. पाणी आठ-दहा अंशांचं. मोजा भिजला की मुलाची मासेमारी संपली.

मग मी रंगीत तालीम करायला सांगतो, आणि ही गोष्ट कुणी सोडू नये. त्यांच्या गावी करवीर तालुक्यात शेततळं आहे, चिलापीने भरलेलं. रविवारी मीही गेलो. शेततळ्याचा प्लास्टिकचा कागद ओला झाला की त्यावर मोठ्या माणसालाही चढून येता येत नाही, म्हणून मुलीला जॅकेट घालून, पाठीमागच्या कडीला दोर बांधून, दोराचं टोक वहिनींच्या हातात. बूच, बारीक गळ, कणकेची गोळी.

बूच थरथरलं, खाली गेलं. मुलीने रॉड उचलला आणि त्याच क्षणी वरून वडिलांचा हात आला. चिलापी निघाली, पण काढली वडिलांनी. पुन्हा गोळी लावली, पुन्हा बूच बुडालं, पुन्हा तो हात. माणूस वाईट नाही, मासा सुटू नये म्हणून जीव तुटत होता त्याचा. दोन-तीन मासे असे निघाल्यावर मुलीने रॉड खाली ठेवला आणि बांधावरच्या गोगलगायी गोळा करायला गेली. तेवढ्यात वडिलांनी माझा रॉड मागून घेतला, आणि तिथून पुढे त्यांची पाठ मुलीकडे होती. तळ्याच्या कडेशी ती दोनदा गेली. दोन्ही वेळा दोर वहिनींनी आखडला. वडिलांना पत्ता नाही.

तेव्हा मी सांगितलं, "दादा, तिकडे रॉड एकच न्या. पोरीचा."

ते दुखावले. "काका, एवढा खर्च करून मी काय नुसतं बघत बसू व्हय?"

त्यांचा मुद्दा खोटा नाही. पण गळ टाकलेल्या माणसाची नजर पाण्यावरून हटत नाही. ती हटत नाही म्हणूनच त्याला मासा मिळतो. वाहत्या पाण्याकाठी मुलीशेजारी उभं राहणाऱ्याचं काम वेगळं. तिच्यापासून हातभर अंतरावर, पाण्याच्या बाजूला उभं राहायचं. दगडामागे जिथे प्रवाह मंदावतो तिथे बोट दाखवायचं, मासा तिथे तोंड वरच्या अंगाला करून थांबलेला असतो. तिला बडबडू द्यायचं, कारण बोलण्याचा आवाज पाण्यात फारसा उतरत नाही, पाय आपटलेला मात्र पोचतो. मासा लागला तर हात खिशात. सुटला तर सुटू दे. निघाला तर जाळीतच, पाण्यात ठेवून बघायचा, हात लावायचा तर ओला करूनच, कोरड्या हाताला त्याची बुळबुळीत साल येते आणि मग त्याला बुरशी लागते. सोडताना तोंड प्रवाहाकडे धरायचं. एवढं सगळं करताना दुसरा रॉड कोण धरणार?

दुकानात परत आल्यावर आमच्या जोडीदाराचं वेगळंच. "गिऱ्हाईक मागतंय ते द्यावं, आपण का शहाणपण शिकवायचं?" वडिलांसाठी काढून ठेवलेला साडेसहा फुटी रॉड आणि रील ही त्या बिलातली सगळ्यांत महाग वस्तू आहे. त्याला व्यापार कळतो, पण जे शेततळ्यावर मी पाहिलं ते त्याने पाहिलेलं नाही.

नदीवर काही मिळालं नाही तर काय, हेही ठरवून दिलंय. बंजारजवळ नागनीला मत्स्यविभागाचं ट्राउट फार्म आहे, ते दाखवायचं. बोटभर पिलांपासून मोठ्या माशापर्यंत सगळं डोळ्यांसमोर दिसतं आणि तिथले मासे बघून आलेली मुलगी दुसऱ्या दिवशी नदीत कुठे बघायचं ते स्वतः सांगते. फार्मला शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवू नये, दुसऱ्याच दिवशी न्यावं.

परवा रात्री मला एक तोड सुचली. ट्राउट पहाटे खातो. साडेपाच ते सात मुलगी झोपलेली असेल, तेवढ्यात वडिलांनी आपला रॉड घेऊन एकट्याने जावं आणि साडेसातला रॉड खोलीत ठेवून द्यावा, आठ वाजता त्यांच्या हातात फक्त जाळी. फोनवर सांगितलं, ते एकदम खूश. मागून वहिनींचा आवाज आला, "आणि पोरगी सहालाच उठली तर? मी पण सुट्टीलाच चाललीय की." यावर मला उत्तर सुचलं नाही. त्या घरी रोज सहाला कोण उठतं हे त्यांना माहीत, मला नाही.

रॉड बाजूला काढून ठेवलाय, बिल केलेलं नाही. शनिवारी तिघं येणार आहेत. पहाटेच्या दीड तासाला वहिनी हो म्हणाल्या तर रॉड बांधून देईन, नाही म्हणाल्या तर तो पुन्हा स्टँडवर लावीन, जोडीदार काहीही म्हणो.