कोंक : वाटसरूंनी वसवलेले गाव

सेनेर्ग गाव मागे पडले की पठारावरची वाट एकाएकी दरीत उतरू लागते. पायाखाली शिस्ट दगडाचे सुटे कपचे येतात, दोन्ही अंगांना चेस्टनटची गर्द झाडी असते आणि गुडघ्यांना प्रत्येक पाऊल जाणवते. फ्रान्समधल्या ल पुई शहराहून निघाल्याचा आमचा तो अकरावा दिवस होता आणि सुमारे २०० किलोमीटर चालून झाले होते. झाडीतल्या एका फटीतून करड्या दगडी चकत्यांची छपरे आणि त्यांच्यातून वर आलेले चर्चचे तीन मनोरे दिसले, तेव्हा ताई काठीवर रेलून थांबली.

"ना सपाट शेत, ना बाजार भरायला जागा. इथे गाव कशाला वसलं असेल रे?" तिने विचारले.

ताई आणि मी आळंदी ते पंढरपूर ही वाट अनेकदा एकत्र चाललो आहोत. माझा मुलगा नोकरीनिमित्त तुलूझला असतो. त्याच्याकडे गेलो असताना स्पेनमधील सांतियागोला जाणाऱ्या या जुन्या यात्रामार्गाविषयी कळले आणि निदान कोंकपर्यंत तरी पायी जायचे असे आम्ही ठरवले. शिंपला हे या वाटेवरच्या यात्रेकरूचे चिन्ह आहे. पाठपिशवीला तो बांधून आणि झाडांवरच्या लाल-पांढऱ्या पट्ट्यांची खूण धरून आम्ही ओब्राकचे उघडे, वाऱ्याचे पठार ओलांडले. त्या पठारावर मध्ययुगात यात्रेकरूंसाठी मठ आणि धर्मशाळा होती, आणि धुक्यात वा बर्फात वाट चुकलेल्यांना दिशा कळावी म्हणून तिथली घंटा वाजवत असत.

कोंक हे नावही शिंपल्याच्या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आले असे मानतात. उश नावाचा ओढा जिथे दुर्दू नदीला मिळतो, तिथे दरीचा आकार खरोखरच शिंपल्यासारखा आहे. उन्हाच्या कुशीवर घरे एकावर एक चढलेली आहेत. एका घराच्या छपराच्या पातळीवर दुसऱ्याचा उंबरा येतो. खाली दगडी भिंती, वर लाकडी चौकटीत भरलेला चुना-माती, आणि छपरावर माशाच्या खवल्यांसारख्या बसवलेल्या दगडी चकत्या, ज्यांना इथे लोझ म्हणतात. मी एका बुटक्या छपराला हात लावून पाहिला. दुपारच्या उन्हाने दगड तापला होता, पण दोन चकत्यांच्या सांध्यात ओले शेवाळ होते.

ताईच्या प्रश्नाचे उत्तर चर्चमध्ये मिळते. आठव्या-नवव्या शतकाच्या सुमारास दादों नावाचा एक संन्यासी या एकांतात येऊन राहिला आणि त्याच्यामागून मठ उभा राहिला. मठ आडबाजूला होता, लोकांनी तिथे यावे असे काही त्याच्याजवळ नव्हते. तेव्हा, परंपरा सांगते, ८६६ च्या सुमारास इथल्या एका साधूने आजें शहरातून सेंत फ्वा या कोवळ्या वयात हुतात्मा झालेल्या मुलीच्या अस्थी गुपचूप आणल्या. तिथल्या साधूंचा विश्वास मिळवण्यासाठी तो कित्येक वर्षे त्यांच्यात राहिला होता म्हणतात. चोरी ती चोरीच. परंतु त्या अस्थींमुळे माणसे चालत येऊ लागली, आणि चालत येणाऱ्यांमुळे चर्च, घरे आणि गाव उभे राहिले.

सेंत फ्वाची मूर्ती जेमतेम ८५ सेंटिमीटर उंच आहे. लाकडाच्या गाभ्यावर सोन्याचा पत्रा मढवलेला आहे आणि भक्तांनी शतकानुशतके वाहिलेली रत्ने त्यावर जडवलेली आहेत. अकराव्या शतकाच्या आरंभी आंझे येथील बर्नार हा विद्वान इथे आला, तेव्हा ही तर मूर्तिपूजाच, असे म्हणून त्याने नाक मुरडले होते. पुढे त्याचे मन पालटले आणि त्याने सेंत फ्वाच्या चमत्कारांचा ग्रंथच लिहिला. संकटाच्या काळी ही मूर्ती मिरवणुकीने बाहेर नेत असत हेही त्या ग्रंथातून कळते. मी हे वाचून दाखवताच ताई म्हणाली, "म्हणजे पालखीच की!" मला त्यावर वेगळे काही म्हणावेसे वाटले नाही.

चर्चच्या पश्चिम दारावर बाराव्या शतकातले अंतिम न्यायाचे, म्हणजे जगाच्या शेवटी देव सर्वांचा निवाडा करतो त्या प्रसंगाचे, शिल्प आहे. त्यात १२४ आकृती आहेत. गळ्यात पैशाची थैली अडकवून टांगलेला कंजूष सगळ्यांनाच दिसतो. मी मात्र सर्वांत जास्त वेळ पाहत राहिलो तो डावीकडचा एक लहानसा कोपरा. तिथे सेंत फ्वा जमिनीवर पार वाकलेली आहे आणि ढगातून एक मोठा हात तिच्या डोक्याकडे आला आहे. तिच्या मागे कमानींना बेड्या लटकत आहेत. तिच्या कृपेने सुटलेले बंदिवान आपल्या बेड्या इथे आणून वाहत, आणि गाभाऱ्याभोवतीची लोखंडी जाळी त्याच बेड्या वितळवून घडवली अशी श्रद्धा आहे. ताईने तिथे हात जोडले.

आत रोदेझचे चित्रकार पिएर सूलाज यांनी घडवलेल्या १०४ खिडक्यांच्या काचा आहेत. त्या १९९४ मध्ये बसवून पूर्ण झाल्या. त्यांत रंग नाही, चित्र नाही. दुधी काचेतून उजेड झिरपतो आणि जसजसा दिवस कलतो तसतसा निळसर, मग केशरी होत जातो. मी तासभर बसलो होतो.

या गावाविषयी मला सर्वाधिक आदर वाटतो तो मात्र एका वेगळ्याच गोष्टीसाठी. फ्रेंच राज्यक्रांतीत चर्चमधले सोने-चांदी वितळवण्यासाठी जप्त होऊ लागले, तेव्हा गावकऱ्यांनी इथला खजिना वाटून घेऊन आपापल्या बागांत आणि चेस्टनट वाळवायच्या कोठ्यांत लपवला आणि दिवस निवळल्यावर परत आणून दिला, असे इथे सांगतात. ही माणसे चेस्टनट खाऊन दिवस काढणारी होती. एखादे रत्न विकले असते तर कुणाचे घर सावरले असते. तरीही खजिना आज गावातच आहे. १८३७ मध्ये सरकारी निरीक्षक प्रॉस्पेर मेरिमे इथे आले, तेव्हा चर्च पडायला आले होते. इतक्या ओसाड जागी एवढे वैभव पाहून ते थक्क झाले आणि त्यांच्या खटपटीने दुरुस्ती सुरू झाली. १८७३ पासून पुन्हा साधूंची वस्ती झाली.

आज मुख्य वस्तीत शंभराच्याही आत माणसे राहतात आणि २०१६ पासून शेजारच्या गावांसह एकच पंचायत आहे. संध्याकाळी मठाच्या मुक्कामघरात लांब टेबलांवर सगळ्यांनी मिळून सूप, पाव आणि चीज खाल्ले. प्रार्थनेनंतर यात्रेकरूंना आशीर्वाद दिला आणि पुढे अंधाऱ्या चर्चमध्ये ऑर्गन वाजत राहिला.

पहाटे शार्लमेन गल्लीने आम्ही नदीवरच्या जुन्या पुलापर्यंत उतरलो. त्याला रोमन पूल म्हणतात, पण रोमन साम्राज्याशी त्याचा संबंध नाही; इथल्या ऑक्सितान बोलीत यात्रेकरूला 'रूम्यू' म्हणत, त्यावरून ते नाव पडले. पलीकडची चढण घेत आम्ही सेंत फ्वाच्या लहानशा देवळीपाशी पोचलो. दाराशी घंटेचा दोर होता, येणारा यात्रेकरू तो ओढतो. ताईने दोर ओढला. समोरच्या उतारावर एक खिडकी उघडली आणि कुणीतरी अंथरूण झटकून कठड्यावर टाकले.