चीरा देऊ नये

रात्री साडेअकराला कॅज्युअल्टीतून निवासी डॉक्टरचा फोन आला. "मॅडम, दोन वर्षांचं बाळ आहे, मानेवर मोठं गळू. चीरा देऊन पू काढू?" म्हटलं, थांब, मी येते.

डावी मान कानापासून खांद्यापर्यंत फुगली होती. गावात कुणी गालगुंड म्हणालं म्हणून हळदीचा लेप लावलेला. तो पुसल्यावर खालची लालबुंद, तापलेली कातडी दिसली. मी मात्र आधी श्वास पाहिला. गळ्याखालचा खळगा आत ओढला जात नव्हता, घरघर नव्हती. जरा जिवात जीव आला.

"गाठ कधीपासून, ताई?"

"परवापासून."

मागून आजी म्हणाली, "न्हाई बाई, जल्मापास्नं हाय. लिंबाएवढी, मऊ. सर्दी झाली की फुगायची."

निदानाची दिशा आजीनेच दाखवली. हे लिम्फॅटिक मालफॉर्मेशन होतं; जुनं नाव सिस्टिक हायग्रोमा. लसिका म्हणजे शरीरातला पाण्यासारखा द्रव; तो वाहून नेणाऱ्या नळ्यांची घडण गर्भातच चुकते आणि द्राक्षाच्या घडासारखे, लसिकेने भरलेले कप्पे तयार होतात. सर्दी-घशाच्या दुखण्यानंतर जंतू तिथे पोचले की साचलेल्या द्रवात वाढतात. सोनोग्राफीत कप्पे आणि तळाचा गढूळ गाळ दिसला.

शिकत असताना अशाच एका गाठीला मी चीरा दिला होता. चमचाभर पू निघाला, आणि मग पाच आठवडे त्या जखमेतून लसिका पाझरत राहिली. त्या मुलीची आई दिवसातून चारदा ओलं झबलं बदलायची. मला काही बोलली नाही. ते झबलं मी विसरलेले नाही.

बाळाच्या वडिलांना पटेना. "पू आहे म्हणता, मग काढत का नाही?" त्यांच्याशेजारी बसून कागदावर घड काढला: एक द्राक्ष फोडलं तर बाकीची तशीच राहतात, आणि फोडलेलं गळत राहतं. शिरेतून अँटिबायोटिक सुरू केलं. सूज श्वासनलिकेवर दाबली तर म्हणून भूलतज्ज्ञांना रात्रभर जवळ थांबवलं. मीही दर तासाला जाऊन बघत होते.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला, बाळाने वरणभात मागितला.

संसर्गानंतर अशा काही गाठी आपोआप आक्रसतात. हे हेरूनच जपानमध्ये शुहेई ओगिता यांनी ओके-४३२ हे औषध गाठीत टोचून पाहिलं. १९८७मध्ये तो अनुभव प्रसिद्ध झाला. ते औषध पेनिसिलिनने निष्प्रभ केलेल्या स्ट्रेप्टोकोकस जंतूंपासूनच बनतं! त्याच कामासाठी आम्ही ब्लिओमायसिन हे औषध गाठीत टोचतो. संसर्ग पुरता निवल्यावर, सहा आठवड्यांनी, सोनोग्राफीत बघत पहिला डोस दिला.

घरी सोडताना फाईलवर लाल शाईने लिहिलं होतं: "सूज आली तर चीरा देऊ नये. आधी फोन करा." चार महिन्यांनी त्यांच्या गावच्या डॉक्टरांचा फोन आला. बाळाला सर्दी होती, गाठ थोडी फुगली होती. "आजींनी फाईल पुढ्यात ठेवलीय, मॅडम," ते म्हणाले, "आणि त्या हलायला तयार नाहीत."